दशलक्षणात मी कॅसिनोत गेले होते



शीर्षक वाचून दचकला असाल. दचका, पण पुढे वाचा. ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची आहे आणि इतके दिवस मी ती लिहिली नाही, कारण लिहायची म्हटलं की तिच्या आधीची एक गोष्टही सांगावी लागते. ती सांगायला जीभ रेटत नव्हती.

सप्टेंबर 2021. हे गेल्यापासून मी न्यू जर्सीला मुलाकडे असते हे तुम्हाला माहीत आहेच. करोनाचं दुसरं वर्ष, तोंडाला मास्क, दशलक्षणाची पूजा घरच्या घरी, आणि सांगलीतलं प्रवचन मोबाईलवर. माझं दहाही दिवस एकाशन होतं. एका संध्याकाळी मुलगा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. अडतीस वर्षांचा माणूस, पण दारात उभं राहायची पद्धत आठवीतली. म्हणाला, "आई, शनिवारी बाळाला घेऊन अटलांटिक सिटीला जावं म्हणतोय. पूलची यूएस ओपन आहे, फायनल. पण ती कॅसिनोच्या हॉटेलात असते. तू नको म्हणालीस तर नाही जात."

शनिवार म्हणजे अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. आणि द्यूत म्हणजे सप्तव्यसनांतलं पहिलं. नको म्हणायला माझ्याकडे कारणांची कमी नव्हती. पण तो परवानगी का मागतोय हे मला ठाऊक होतं. म्हणून माझ्या तोंडून निघालं, "मी पण येते."

आता ती आधीची गोष्ट.

1999 साल, सांगली. तेव्हा गावोगावी पूल पार्लर निघाली होती. काळ्या काचेची दारं, आत लाल-हिरवे दिवे, बाहेर पोरांच्या गाड्या. माझा मुलगा अकरावीत. क्लासच्या नावाखाली तो तिथे जातो हे मला शेजारणीकडून कळलं. आमच्या घरात थोरले दीर मटक्यापायी बुडाले होते. हळदीच्या अडतीतला त्यांचा हिस्सा गेला, जाऊबाईंच्या पाटल्या गेल्या. त्यामुळे काळ्या काचेआड पैशाचा खेळ म्हटल्यावर माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मुलाला विचारलं, पैसे लावता का? तो म्हणाला, लावत नाही, फक्त हरेल त्याने टेबलाचं भाडं भरायचं असतं. मी म्हटलं, तेच ते.

तेच ते नव्हतं. खर्च कोणी उचलायचा हे ठरवणं वेगळं आणि पैज लावणं वेगळं. बी.कॉम. झालेल्या बाईला एवढा फरक कळायला हवा होता. पण मी हिशेब मांडायच्या मनःस्थितीत नव्हते.

त्या वर्षी चातुर्मासाला गावात महाराज होते. मी मुलाला त्यांच्यासमोर नेलं आणि सांगितलं, याला जुगाराचा नाद लागतोय. महाराजांनी नियम दिला, जुगाराच्या अड्ड्यावर पाऊल ठेवायचं नाही. मुलाने मान खाली घालून तो घेतला. एक शब्द बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्या पार्लरचा मालक आमच्या दारात आला. म्हणाला, ताई, पोराचा हात चांगला आहे, पुण्याला स्पर्धा आहेत, पाठवा त्याला. मी त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं. भर उन्हात आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही. मुलाने बक्षिसाच्या पैशातून एक जुनी काठी विकत घेतली होती, खेळायची, मागच्या टोकाला पितळी कडं असलेली. तिला मी फडकं बांधलं आणि तिने कित्येक वर्षं माळ्यावरची जळमटं काढली. तो हे रोज बघत होता.

त्यानंतर त्याने काठीला हात लावला नाही. इंजिनिअर झाला, इकडे आला, लग्न झालं. लॉकडाऊनमध्ये बापलेक रात्री काहीतरी बघत बसायचे, तेव्हा मला वाटायचं क्रिकेट असेल. ते पूल होतं.

तर शनिवारी दुपारी माझं जेवण आटोपून, थर्मासमध्ये उकळलेलं पाणी घेऊन आम्ही तिघं निघालो. एडिसनपासून दीड तासाचा रस्ता. सूनबाईची ड्यूटी होती. गाडीत नातवाने आजीची शिकवणी घेतली. तो तेव्हा दहा वर्षांचा. तो सांगत होता आणि मुलगा गाडी चालवता चालवता मध्येच एखादा शब्द दुरुस्त करत होता. त्या दुरुस्त्या ऐकूनच मला कळलं की याला सगळं आठवतंय.

तुम्हालाही थोडक्यात सांगते. टेबल नऊ फूट लांब, साडेचार फूट रुंद, सहा पॉकेट. एक ते नऊ आकड्यांचे रंगीत बॉल शंकरपाळ्याच्या आकारात मांडतात. पांढऱ्या बॉलने ते फोडायचे, त्याला ब्रेक म्हणतात. मग प्रत्येक वेळी टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याला आधी मारायचं. नऊ नंबर ज्याने नियमाप्रमाणे पाडला त्याचा तो डाव, म्हणजे रॅक. आधीचे आठ पाडण्याचे वेगळे गुण नाहीत. एकाने आठ पाडले आणि नववा दुसऱ्याने पाडला, तर रॅक दुसऱ्याचा! मी म्हटलं, हा तर सरळ सरळ अन्याय आहे. नातू म्हणाला, "आजी, दॅट्स द गेम." फायनलमध्ये जो आधी तेरा रॅक जिंकेल तो विजेता.

हॉटेलात शिरल्यावर आधी कानावर आला तो मशिनांचा आवाज, आणि सिगारेटचा वास. त्या मशिनांपुढे माझ्या वयाच्या बायका एकट्या बसलेल्या होत्या, एका हातात कागदी पेला. मी मनात णमोकार सुरू केला आणि नातवाचा हात घट्ट धरला. मुलगा माझ्या पुढे भराभर चालत होता, इकडे-तिकडे न बघता. मला एकदम वाटलं, हा आपला नियम सांभाळत चाललाय. बावीस वर्षांनंतरही!

खेळाचा हॉल मात्र वेगळा. मध्ये एकच टेबल, त्याच्यावर पांढरा लख्ख उजेड, चारी बाजूंनी खुर्च्या, मागे अंधार. काही लोकांच्या हातात बिअर होती, ते नाकारत नाही. पण खेळाडू टेबलावर वाकला की शेकडो माणसांचा हॉल असा गप्प व्हायचा, की आपल्या मंदिरात प्रवचनाला एवढी शांतता मिळाली तर महाराजांना आश्चर्य वाटेल.

आठवड्याच्या सुरुवातीला 256 खेळाडू होते, त्यातले हे दोन उरलेले. एक फिलिपिन्सचा कार्लो बियाडो, दुसरा सिंगापूरचा अलॉयसियस याप. ही स्पर्धा 1976 पासूनची. पहिली अठरा वर्षं तिथे अमेरिकेचेच खेळाडू जिंकले. मग 1994 साली फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने ती जिंकली. हा रेयेस लहानपणी मनिलात नातलगाच्या पूल हॉलमध्ये कामाला होता आणि रात्री टेबलावरच झोपायचा, असं मुलाने सांगितलं. बियाडोसुद्धा गरिबीतून वर आलेला, गोल्फच्या मैदानावर श्रीमंतांच्या पिशव्या उचलत होता. 2017 मध्ये तो जगज्जेता झाला.

मी विचारलं, "आणि हे पैसे लावून खेळत नाहीत?"

मुलगा थोडा थांबला. म्हणाला, "स्पर्धेत नाही, आई. स्पर्धेत बक्षीस असतं. पण बाहेर लावतात, खोटं कशाला बोलू? पूर्वी तर कित्येकांचं पोट त्याच्यावरच चालायचं. रेयेससुद्धा पहिल्यांदा अमेरिकेत आला तो दुसऱ्याचं नाव लावून, पैशाचे सामने खेळायला."

मैत्रिणींनो, या उत्तराने मला बरं वाटलं. माझी भीती अगदीच हवेतली नव्हती. पण तेवढंच. पुढे जे वाटलं ते बरं नव्हतं.

सामना सुरू व्हायच्या आधी मी आपला नेहमीचा प्रश्न विचारून घेतला, हे बॉल कशाचे? नातवाने लगेच मोबाईल काढला. पूर्वी हस्तिदंताचे असायचे, एका सुळ्यातून मोजकेच बॉल निघत. हत्ती मरत होते आणि दंत महाग होत होता, म्हणून 1860 च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका बिलियर्ड कंपनीने पर्यायासाठी दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं. त्याच खटपटीतून जॉन हायट नावाच्या माणसाने सेल्युलॉइडचे बॉल केले. आताचे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचे असतात. म्हणजे हत्ती वाचवायची इच्छा कोणाचीच नव्हती, खर्च वाचवायचा होता, पण तरी पाऊल बरोबर दिशेला पडलं. काठीच्या टोकाला मात्र अजून चामड्याची टिकली असते आणि टेबलावरचं कापड लोकरीचं. ते मी ऐकून घेतलं. माझ्या पर्समध्येही त्या दिवशी रेक्झिनच होतं का, याची आधी खात्री करून घेतली.

सामना सुरू झाला. पहिला अर्धा तास मला बॉल दिसत होते, खेळ दिसत नव्हता. मग मुलगा हळूच कानाशी म्हणाला, "पडणारा बॉल बघू नकोस. पांढरा कुठे थांबतो ते बघ." आणि एकदम पडदा बाजूला झाल्यासारखं झालं. रंगीत बॉल पाडणं हे त्यांच्या दृष्टीने काहीच नाही. तो पाडताना पांढरा बॉल गादीवर आपटून, दोन बॉलच्या मधून निघून, पुढच्या बॉलच्या मागे हातभर अंतरावर येऊन थांबतो. मारणारा तो कुठे थांबतोय याच्याकडे बघतसुद्धा नाही, चालायलाच लागतो. जणू तुम्ही फोडणी देताना डाळ धुवून ठेवलेली आहे आणि कणीक भिजून तयार आहे. एका पदार्थाच्या वेळी पुढच्या तिघांची तयारी. हे मला लगेच कळलं! चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?

एका फटक्याला 30 सेकंद. आपण 48 मिनिटांच्या सामायिकाला बसतो आणि त्यातली निम्मी कुकरच्या शिट्टीत जातात. हे 30 सेकंदांत दुसरं काहीच मनात येऊ देत नसावेत.

पण माझी नजर खरी खिळली ती टेबलावर नाही, खुर्चीवर. पूलमध्ये दोघं आळीपाळीने मारत नाहीत. एकाचा बॉल पडत राहिला की तो मारतच राहतो आणि दुसरा बाजूच्या खुर्चीत बसतो. क्रिकेटमध्ये समोरचा कितीही खेळला तरी तुमच्या हातात बॉल असतो, कॅच घेता येतो. इथे काहीच नाही. बसायचं, पाणी प्यायचं, काठीला खडू लावायचा. त्यात जो रॅक जिंकतो तोच पुढचा ब्रेक करतो. म्हणजे चूक न करता खुर्चीत बसून माणूस हरू शकतो.

बियाडो बसला होता. याप तरुण, शांत, एकामागून एक रॅक घेत होता. बोर्डावर 8-3 झालं. पाच रॅकची तूट. माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी म्हणाली, ही भरून निघायची नाही. मी मुलाला म्हटलं, "निघू या का? उद्या चतुर्दशी आहे, पहाटे उठायचंय."

तो टेबलावरची नजर न काढता म्हणाला, "थोडं बसू, आई. त्याच्याकडे ब्रेक तर येऊ दे."

एवढा ठाम तो माझ्याशी कधी बोलत नाही. मी बसले.

बियाडो उठला. एक रॅक घेतला. मग आणखी एक. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सहानुभूतीच्या असतात तशा. 8-5. 8-6. टाळ्यांचा आवाज बदलला. मागे फिलिपिन्सची माणसं होती, ती ओरडायला लागली. 8-8. आता याप खुर्चीत होता. मी त्याच्याकडेच बघत होते. त्याच्या आईच्या जागी जाऊन बघत होते म्हणा ना. चेहरा तसाच शांत, पण पाण्याची बाटली उघडायची, झाकण लावायचं, परत उघडायची. बियाडोच्या चेहऱ्यावर मागे होता तेव्हा जे होतं तेच पुढे गेल्यावरही. 9, 10, 11. नातू खुर्चीवर उभा राहिला, मी त्याला ओढून बसवलं. सलग दहा रॅक, मैत्रिणींनो! 8-3 वरून 13-8. यापच्या पुढचा आठ हा आकडा शेवटपर्यंत हलला नाही.

हॉल उठून उभा राहिला. 1994 च्या रेयेसनंतर फिलिपिन्सच्या झेंड्याखाली खेळणारा कोणी ही स्पर्धा पहिल्यांदाच जिंकत होता. 50 हजार डॉलरचं बक्षीस. मी मुलाकडे वळले, काहीतरी बोलायला. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं काठी धरल्यासारखी वळलेली होती, हलकेच मागेपुढे होत होती. त्याला त्याचा पत्ता नव्हता.

परतीच्या वाटेवर नातू मागे झोपला. मी आकिंचन्याचा पाठ मनात म्हणायला घेतला, त्या दिवशी तोच होता. माझं काही नाही, माझं कोणी नाही. दोन ओळींपुढे जाता येईना. माझा मुलगा माझा नाही हे म्हणायला सोपं. पण त्याच्या हातातली काठी काढून घेताना मी तो संपूर्ण माझाच धरला होता.

मग क्षमावणी आली. सकाळपासून मोबाईलवर "उत्तम क्षमा"चे फुलांचे फोटो येत होते. मीही पाठवत होते, एकाच बोटाने साठ जणांना. कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा. हे "कळत-नकळत" फार सोयीचं आहे, नाही का? त्यात एकही चूक नावानिशी सांगावी लागत नाही.

मुलगा कामावर निघायच्या आधी चहा घेत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि नावानिशी सांगितलं. तू जुगार खेळत नव्हतास, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी महाराजांना जुगार सांगितलं, कारण खेळासाठी त्यांनी नियम दिला नसता. त्या मालकाला मी पाणी विचारलं नाही. आणि तुझ्या काठीने मी तुझ्यासमोर जळमटं काढली, ते मुद्दाम.

मला वाटलं होतं तो "जाऊ दे गं आई" म्हणेल. तो म्हणाला नाही. बराच वेळ कप फिरवत बसला. मग म्हणाला, "राग होता. कॉलेजच्या हॉस्टेलवर असताना फार होता. सुट्टीत घरी यायचो नाही, ते त्यामुळेच. तुला वाटायचं अभ्यास आहे."

मला खरंच तसं वाटायचं. मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे.

"मग खेळला का नाहीस?" मी विचारलं. "इथे कोण बघत होतं? आणि नियम तर जुगाराचा होता."

"ते मलाही माहीत होतं. पण देताना तू शेजारी उभी होतीस ना," तो म्हणाला. "तुझ्या डोक्यात तो कशाचा होता, तेही माहीत होतं."

चहा गार झाला होता. मी दुसरा ठेवला. तो ऑफिसला उशिरा गेला.

त्या दिवाळीनंतर बेसमेंटमध्ये एक जुनं टेबल आलं. कोणीतरी घर बदलताना विकायला काढलेलं, कापड एका कोपऱ्यात फाटलेलं. घर म्हणजे काही अड्डा नव्हे, त्यामुळे नियमाला धक्का नाही. हा अर्थ मी लावला, आणि तो लावायचा हक्क माझाच आहे असं मी जाहीर केलं. नातू आता चौदाचा आहे आणि बापाला बऱ्याचदा हरवतो. हरेल त्याने भांडी घासायची असा त्यांचा करार आहे. सूनबाई म्हणते, हा नियम मात्र मोडू नका.

2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच यूएस ओपनची फायनल आम्ही घरी बसून बघितली आणि ती यापने जिंकली. त्याच खुर्चीतल्या यापने, चार वर्षांनी. जुलैत बियाडो दुसऱ्यांदा जगज्जेता झाला होता, तेव्हा मी आनंदले होते, पण यापसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नातवाला त्याचं काही कळलं नाही.

गेल्या महिन्यात सांगलीच्या घराची साफसफाई निघाली, तेव्हा जाऊबाईंना फोन करून म्हटलं, माळ्यावर एक काठी असेल, मागे पितळी कडं असलेली, बघा जरा. दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. फडकं अजून बांधलेलंच होतं. खाली जाऊबाईंनी लिहिलं होतं, काठी आहे, पण पार वाकडी झाली आहे, टाकून देऊ का?

मी फोन मुलापुढे धरला. माझा चेहरा बघून तो हसायला लागला.

"ती तेव्हाच वाकडी होती, आई. म्हणून तर मला परवडली."